कपाटामागची भिंत

तिसऱ्या गोणीला हात घातला आणि आत्याच्या कमरेत अशी कळ निघाली, की तिनं बटाट्यांना, भूकंपाला आणि स्वतःच्या त्रेसष्ट वर्षांना एका दमात शिव्या घातल्या.

"बटाट्यांनी कंबर धरली तुमची," चुलीवरच्या पातेल्यात पळी फिरवत सून म्हणाली. सून म्हणजे थोरल्या भाच्याची बायको. एरवी शाळेत शिकवायची. आता शाळाच उरली नव्हती, म्हणून सकाळी तंबूत शिकवायची आणि दुपारी आत्याच्या हाताखाली राबायची. "दोनशे माणसांचे बटाटे एकटीनं सोलायचे म्हणजे काय!"

"एकटीनं कुठं? तोंडही चालतंय की माझं सोबतीला."

सून हसली आणि आत्याही हसली. पण कंबर काही बटाट्यांनी धरली नव्हती. भूकंपानंतरच्या चौथ्या दिवशी सगळे ढिगारे उपसायला गेलेले असताना आत्यानं आतल्या खोलीतलं लाकडी कपाट रिकामं केलं होतं आणि त्याला पाठ लावून, इंच इंच ढकलत, उत्तरेच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं होतं. सबंध सकाळ गेली. कुणाला हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर 'का' असं विचारलं असतं. त्या भिंतीला पोट सुटलं होतं. चांगलं हातभर रुंद, खिडकीच्या उंचीवर. गिलावा तडकला होता आणि दगड आतल्या अंगाला चार बोटं पुढे आले होते. कपाटानं ते सगळं झाकलं. तेव्हापासून आत्या त्या खोलीत एकटी झोपायची. बाकीचे अंगणात तंबूत. कुणी विचारलंच तर म्हणायची, तुम्ही सगळे मेले घोरता.

हे घर उभं राहिलं याचं अख्ख्या वस्तीला कौतुक. सत्तेचाळीस दिवसांपूर्वी सकाळी सव्वासातला जमीन हलली, आणि टेकडीखालच्या चार गल्ल्यांतली दगडी घरं पाणी पिण्याइतक्या वेळात खाली बसली. उभी राहिलेली मोजायला एका हाताची बोटं पुरेशी होती. त्यात आत्याचं हे दोन खोल्यांचं घर. ते तिच्या भावानं बांधलेलं, आणि भाऊ म्हणजे गावाचा मिस्त्री. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणायचं, आत्या दादा म्हणायची. दादाच्या हातची साठेक घरं होती. आतून-बाहेरून गुळगुळीत भिंत, एक दगड इकडे नाही की तिकडे नाही. हात फिरवा नाहीतर गाल लावा. ती साठेक घरं गेली. त्यांत चौदा माणसं गेली. त्या चौदांत वहिनी होती, दादाची बायको, ऐन न्हाणीघराच्या दारात.

तेव्हापासून दादा बोलत नव्हता. म्हणजे पाणी द्या, सरका, इतकं बोलायचा. कुंपणाजवळ, त्याच्या पडलेल्या घराच्या पायरीचा एक लांब दगड होता. थोरल्यानं तो ट्रकमधून आणून तिथं टाकला होता. त्यावर बसून दादा दिवसभर ढिगाऱ्यातून निघालेले वाकडे खिळे हातोडीनं सरळ करायचा. ठक, ठक, ठक. सरळ खिळ्यांचे डबेच्या डबे भरायचे आणि गटाची माणसं ते घेऊन जायची.

"आले," सून म्हणाली.

फाटकातून दादाची दोन्ही मुलं आत आली, पण एकत्र नव्हे. पुढं थोरला, ट्रकच्या किल्ल्या बोटाभोवती फिरवत. दहा पावलं मागं त्याची बहीण. तिला सगळे मुकादम म्हणत. लहानपणी अंगणातल्या कोंबड्यांनाही ओळीत चालायला लावायची, तेव्हापासूनचं नाव. ती पुढे इंजिनीअर झाली तरी नाव बदललं नाही. भूकंपानंतर पहिल्या रात्री ढिगारा उपसायला उभे राहिलेले बावीसजण, म्हणजे शिंपी, नर्स, वायरमन, बेकरीवाला, आज त्यांनाच सगळे 'गट' म्हणत होते, आणि गटाची मुकादम हीच होती. आधी माणसं काढली, मग पाणी, मग ताडपत्र्या. आता घरं. कडाक्याची थंडी सहा आठवड्यांवर आली होती आणि एकशे चाळीस कुटुंबं तंबूत होती.

"चारला गवंडी येतायत," मुकादम बसण्याआधीच म्हणाली. "त्याआधी घरात एकदाचं ठरवू."

"ठरवायचं काय त्यात?" थोरला म्हणाला. "गवंड्यांनी थाप्या खाली ठेवल्यात आणि ते तुझ्या हट्टापायी. पत्रे माझ्या ट्रकमध्ये, लाकूड माझ्या ट्रकमध्ये, तंबूत पोरं कुडकुडायला लागलीत, आणि तू म्हणतेस भिंतीत लांब दगड दिसल्याशिवाय पत्रा मिळणार नाही."

"दिसल्याशिवाय नाहीच मिळणार. अरे, तू स्वतः ढिगारे उपसलेस ना? पाहिलंस ना कशा पडल्या? बाहेरची थप्पी बाहेर, आतली आत. मधे नुसता चुरा. दोन्ही थप्प्यांना धरून ठेवणारा एकही आरपार दगड नाही. पुन्हा तशीच बांधायची आणि वर नवा पत्रा ठेवायचा? का, तर पुढच्या वेळी नव्या पत्र्याखाली मरायला?"

"हळू बोल."

"का हळू?"

थोरल्यानं कुंपणाकडं नजर टाकली. ठक, ठक चालूच होतं.

"कारण त्या भिंती कुणाच्या हातच्या आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आज तुझ्या तोंडून निघालं की भिंती चुकीच्या होत्या, तर उद्या लोक विचारतील, बांधल्या कुणी? चौदा माणसं गेलीत. आईसकट. बाबांच्या डोक्यावर तेवढं ओझं कमी आहे का?"

"मी म्हणून उपयोगच नाही. माझं कोण ऐकतंय? गवंड्यांचा पुढारी तो भोंगा, मला तोंडावर म्हणाला, ताई, तुम्ही कागदावर भिंती बांधल्या, आम्ही मिस्त्रींकडून शिकलो. बाबांनी एकदा म्हणायला हवं. एक वाक्य. 'लांब दगड घाला.' बास!"

"ते म्हणणार नाहीत," आत्या म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं पाहिलं. मुकादमला वाटलं होतं आत्या आपल्या बाजूनं असेल, लहानपणापासून असायचीच. आत्यानं सालं काढणं सोडलं नाही.

"त्याला नको छळूस. बायको गेलीय त्याची. चाळीस वर्षं नाव कमावलं, ते आता या वयात भर अंगणात चाळीस गवंड्यांसमोर टाकून द्यायला सांगतेस? थोरला बरोबर बोलतोय."

"आत्या, तूसुद्धा?"

"मीसुद्धा. भिंतीतलं मला काय कळतं? पण माणसातलं कळतं थोडं." आणि हे म्हणताना आत्याला स्वतःच्या तोंडाची लाज वाटली, कारण त्या एका भिंतीतलं तिला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

थोरल्याला मात्र जोर चढला. "हेच सांगतोय मी. आणि लांब कशाला जायचं? हे घर बघ. हेही बाबांच्याच हातचं. तशीच गुळगुळीत भिंत. उभं आहे की नाही? भोंगाही हेच म्हणतो, आणि चारला सगळ्यांना तो हेच दाखवणार आहे. मी तर त्याच्या पुढं गेलोय." त्यानं बायकोकडं बघून डोळे मिचकावले. "सांग की."

सुनेचा चेहरा एकदम उजळला. "आत्या, तुम्हाला सांगायचंच होतं. तंबूत आता मुलांची बोटं गारठतात हो, पेन्सिल धरवत नाही. हे म्हणाले, आतली खोली मोठी आहे. उद्यापासून वर्ग आत घेते. चौतीस मुलं मांडी घालून बरोब्बर मावतात, मी पावलं मोजलीयत बाहेरून."

आत्याच्या हातातला बटाटा पाण्यात पडला.

"आत नको," ती म्हणाली.

"का हो?"

"आत... ओल आहे."

"ओल? पाऊस कुठं झालाय?"

"मग उंदीर आहेत. हे एवढाले."

"चौतीस मुलं बघून उंदीरच पळतील," थोरला हसला.

"माझं सामान आहे आत. मला दुपारची झोप लागते. आणि मुलं म्हणजे कालवा, माझं डोकं उठतं." आत्या एकापाठोपाठ एक कारणं काढत होती आणि प्रत्येक कारण आधीच्यापेक्षा पोचट निघत होतं. सुनेचा चेहरा पडत गेला. हीच आत्या रोज मुलांना रांगेत उभं करून स्वतःच्या हातानं वाढायची, नाक पुसायची, लाडानं धपाटे घालायची.

"तुमचं घर आहे," सून हळूच म्हणाली. "तुम्हाला नको तर नको. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

"अगं, घर उभं राहिलंय ते वापरायचं नाही तर काय पुजायचं?" थोरला उठलाच. "आत्याला मी ओळखतो. जागा कमी पडेल म्हणून घाबरतेय. ते कपाट आडवं येतं, ते तेवढं बाहेर काढू, ट्रकमध्ये टाकू. चल गं मुकादम, एका बाजूनं धर."

"कपाटाला हात लावशील तर याद राख!"

आत्या इतक्या जोरात ओरडली की खिळ्यांवरची ठकठक थांबली. ती कमरेची कळ विसरून उठली, सगळ्यांच्या आधी आतल्या खोलीत पोचली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. अगदी तशीच, जशी ढकलताना उभी होती.

थोरला दारात गोंधळून थांबला. पण मुकादम गोंधळली नाही. तिनं आधी आत्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. फरशीवर कपाटाच्या पायांचे चार ओरखडे होते, खिडकीखालून निघून थेट उत्तरेच्या भिंतीपर्यंत गेलेले.

"आत्या," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "हे कपाट खिडकीखाली होतं ना?"

आत्यानं पाठ कपाटाला आणखी रेटली.

"बाजूला हो."

"तू मला सांगतेस बाजूला हो? आंघोळ घालायचे गं तुला मी!"

"घालायचीस. बाजूला हो."

काय करणार! आत्या बाजूला झाली. उद्या चौतीस पोरं तिथं मांडी घालून बसणार होती. स्वतः एकटी झोपणं वेगळं होतं. म्हातारीचं काय, गेली तर गेली. पण पोरं? तिचे पाय आपोआप हलले.

दोघांनी कपाट सरकवलं. खिडकीच्या उंचीवर भिंत पुढे आली होती, सत्तेचाळीस दिवसांपूर्वी होती त्याहून दोन बोटं जास्त. मुकादमनं खिशातून छोटी हातोडी काढली आणि उजव्या कोपऱ्यात टकटक केलं. घट्ट आवाज. मग पुढे आलेल्या जागी केलं. रिकाम्या डब्यावर मारावं तसा पोकळ आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. सुनेनं तोंडावर हात नेला.

"चौतीस मुलं," ती पुटपुटली. "मी पावलं मोजत होते बाहेरून."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आत्या, तू इथं झोपतेस?"

"मग कुठं झोपू?"

"तुला माहीत होतं!" मुकादम आता ओरडली. "तुला माहीत होतं आणि तू मला बोलू दिलंस! लोक या घराकडं बोट दाखवून मला खोटं पाडतायत, आणि तू बटाटे सोलत ऐकून घेतेस! का? बाबांचं नाव म्हणून?"

"त्याचं नाही." आत्या पलंगाच्या कडेवर बसली. आता झाकायला काही उरलं नव्हतं. "माझं."

मग तिनं सांगितलं. दाराकडं न बघता, हातातल्या सोलाण्याशी चाळा करत.

"तुमचे आजोबा भिंतीत लांब दगड घालायचे. दर हात-दीड हातावर एक, इकडून तिकडे आरपार. त्याला ते गाठ म्हणायचे. भिंतीला गाठ मारली पाहिजे, म्हणायचे. पण दगड जरा लांब असला की टोक खोलीत यायचं. आमच्या घरात चहूबाजूंनी नुसती टोकं. लोक हसायचे, दातेरी घर म्हणायचे. ही भुवई बघा." तिनं डाव्या भुवईवरचा पांढरा व्रण दाखवला. "सात वर्षांची होते. पळत आले आणि आदळले. लग्न ठरलं, दादानं हे घर बांधायला घेतलं, मला द्यायला म्हणून. मी त्याला म्हटलं, दादा, माझ्या घराला दात नकोत. एकसुद्धा नको. मला भिंतीवर गाल ठेवता आला पाहिजे."

आत्यानं सोलाणं पलंगावर ठेवलं.

"तो म्हणाला, बाबा रागावतील. मी रुसले. दोन दिवस जेवले नाही. मग त्यानं अशी बांधली. आणि लोक नुसते बघायला यायचे हो! ज्यानं त्यानं म्हणावं, मिस्त्री, आम्हालाही बहिणीच्या घरासारखी भिंत पाहिजे. त्यातूनच पुढची साठ घरं झाली. हे सगळं माझ्या रुसव्यातून निघालं." तिचा आवाज फुटला. "वहिनीसुद्धा. आणि त्यानं एकेचाळीस वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाही."

"का घेईन?"

दादा दारात उभा होता. हातात वाकडा खिळा तसाच. त्यानं भिंतीकडं पाहिलं नाही, बहिणीकडं पाहिलं.

"मागितलंस तू. बांधली मी," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी आवाज घोगरा झाला होता. "तू बावीस वर्षांची पोर, तुला काय माहीत गाठ कशाला असते! मला माहीत होतं. नाही म्हणायचं काम माझं होतं."

"दादा, मी रुसले नसते तर..."

"ऐक, चिमे. तू दोन दिवस रुसलीस म्हणून एक घर बांधलं. बाकीची साठ तुझ्या रुसव्यानं बांधली का?" तो थांबला, श्वास घेतला. "पहिल्यांदा या भिंतीवर हात फिरवला ना, तेव्हा वाटलं, बापापेक्षा चांगलं जमलं आपल्याला. ते आवडलं मला. लोक यायचे, हात फिरवायचे, आणि मला आवडायचं. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, गाठी घाल. मी म्हणायचो, म्हातारा जळतो."

थोरला पुढे झाला. "बाबा, झालं ते झालं. आपण आतल्या आत ही भिंत उतरवू, बांधू. बाहेर कुणाला कळायची गरज नाही. मी आजची बैठक पुढे ढकलतो."

मुकादम काही बोलायला गेली. पण आत्या आधी उठली. तिनं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि तासाभरापूर्वी ज्या भाच्याची बाजू घेतली होती त्याच्याच समोर जाऊन उभी राहिली.

"ढकलायची नाही. दीड महिना मी हेच केलं, आतल्या आत. कपाट लावलं. उद्या पोरं बसली असती तिच्याखाली. घर माझं आहे ना? मग मी सांगते. ही भिंत आज चार वाजता उतरवायची. सगळ्यांसमोर. भोंग्याला दाखवायचंय ना घर? दाखवू की!"

"आणि लोकांनी विचारलं तर? आईचं, त्या सगळ्यांचं?"

"तर मी सांगेन, मी मागितली होती."

"आणि मी सांगेन, मी बांधली," दादा म्हणाला. त्यानं हातातला खिळा मुलाच्या हातात दिला. "वासे आहेत ट्रकमध्ये?"

थोरला क्षणभर त्या खिळ्याकडं बघत राहिला. मग त्यानं तो खिशात घातला. "आहेत. सहा."

"आठ लागतील," मुकादम म्हणाली. "छताला टेकू दिल्याशिवाय एक दगड हलवायचा नाही. बाबा, तुम्हीसुद्धा नाही."

"नाही गं, मुकादम," दादा म्हणाला, आणि किती दिवसांनी त्याच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

चारला गवंडी आले. चाळीस म्हणता म्हणता पन्नास झाले, आणि त्यांच्यामागं निम्मी वस्ती. भोंगा सगळ्यांत पुढे. त्याचा आवाज असा, की तो कुजबुजला तरी तिसऱ्या गल्लीत ऐकू जाई. त्यानं फाटकातूनच सुरुवात केली.

"हे बघा घर! मिस्त्रींच्या हातचं! एक लांब दगड नाही, आणि उभं आहे! ताई, तुमचा कागद काय म्हणतो याच्यावर?"

"ताईला नको विचारूस, भोंग्या," आत्या पायरीवरून म्हणाली. "आत ये. पादत्राणं राहू दे, डोकं सांभाळ. टेकू लावलेत."

तो आत आला. त्याच्यामागून मावतील तितके आले, बाकीचे खिडकीला लटकले. थोरल्यानं आठ वासे उभे केले होते. दोन कुणाच्या तरी पडक्या गोठ्यातून आणले होते. दादा भिंतीपुढं उभा होता. त्यानं हातोडी मारली नाही, पहार घेतली नाही. फुगलेल्या भागाच्या वरच्या कडेचा एक दगड दोन हातांनी धरला आणि ओढला. तो ड्रॉवरसारखा बाहेर आला. मग दुसरा. मग त्या भोकातून चुरा वाहायला लागला, कोरडी माती आणि खडे, आणि पावलांपाशी ढीग झाला. दादानं भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"ये," तो भोंग्याला म्हणाला. "तू घाल."

भोंग्यानं हात घातला. चुरा अजून सरसरत खाली पडत होता.

"काय लागतंय?"

"काही नाही, मिस्त्री."

"तेच. मी तुला शिकवलं ते काही नाही. बाहेरची थप्पी आणि आतली थप्पी, मधे काही नाही. हे घर खडकावर आहे आणि वर हलका पत्रा आहे, म्हणून वाचलं. भिंतीनं नाही वाचवलं." दादानं हाताची माती पँटला पुसली. "चुकीचं शिकवलं मी. माझ्या बापानं बरोबर शिकवलं होतं आणि मला ते दिसायला चांगलं वाटलं नाही. पोरगी सांगतेय तसं करा. दर हात-दीड हातावर एक लांब दगड. आरपार."

भोंग्याच्या तोंडून शब्द फुटेना, हे वस्तीनं पहिल्यांदाच पाहिलं.

मागच्या बाजूला थोडी हालचाल झाली आणि गर्दीतून बेकरीवाला पुढं आला. सकाळी गटाचे पाव देऊन गेलेला, अजून अंगावर पीठ. त्याची बायको आणि सासू दोघी दादाच्या हातच्या भिंतीखाली गेल्या होत्या. थोरल्यानं त्याला पाहिलं आणि बापाच्या पुढं होऊन उभा राहिला. दादानं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं.

"माझ्या घरातही हेच?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"हेच," दादा म्हणाला.

बेकरीवाला त्या भोकाकडं बघत राहिला. आत्याला वाटलं, आता हा मारेल, नाहीतर रडेल. आपण मधे पडायचं की नाही, हेही तिला सुचेना.

"मी मागितली होती अशी भिंत," ती घाईनं म्हणाली. "पहिली. मी मागितली."

"आम्हीही मागितली," बेकरीवाला म्हणाला. "ती म्हणाली होती, आत्यांसारखी पाहिजे." त्यानं पायाशी सांडलेला चुरा मुठीत घेतला. मग दादाला म्हणाला, "माझं घर तुम्हीच बांधायचं. पण लांब दगड मी मोजणार. एकेक."

"मोज," दादा म्हणाला. "मोजायलाच हवेत."

भिंत उतरवायला दोन दिवस लागले. थाप्या खाली ठेवलेले गवंडी त्या दोन दिवसांत एकेक करून या घरी येत राहिले, कुणी बघायला, कुणी हात लावायला, आणि मग कुणी न सांगता बाकीच्या घरांकडं गेले. मुकादम दिवसभर टेप घेऊन गल्ल्यांतून फिरत होती आणि तिच्यामागून भोंग्याचा आवाज यायचा, "अरे, गाठ कुठाय? गाठ घाल आधी!" जणू त्यालाच ती पहिल्यांदा सुचली होती. मुकादम हसायची, पण त्याला म्हणू द्यायची. सुनेनं मुलांचे तंबू शिंप्याकडून दुहेरी कापडाचे करून घेतले, खोली तयार होईपर्यंत तेवढ्यावर भागवायचं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी आत्याची भिंत पुन्हा कपाळाच्या उंचीपर्यंत आली. दादाला पुरेसा लांब दगड मिळेना. ढिगाऱ्यातले सगळे तुकडे आखूड निघत होते. तो अंगणात आला, इकडंतिकडं पाहिलं, आणि कुंपणापाशी थांबला. जिच्यावर बसून त्यानं दीड महिना खिळे सरळ केले होते, ती पायरी. वहिनी संध्याकाळी तिच्यावरच बसायची. त्यानं हाताच्या वितीनं ती मोजली, एकदा नव्हे, दोनदा. मग थोरल्याला हाक मारली.

दोघांनी ती उचलून आत आणली आणि भिंतीत आडवी बसवली. बाहेरच्या बाजूनं बरोबर आली. आतल्या बाजूला मात्र तिचं टोक तीन बोटं पुढं राहिलं. खोलीत, अगदी दाराजवळ.

भोंग्यानं छिन्नी उचलली. "एवढं छाटतो, मिस्त्री. दोन मिनिटांचं काम."

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली.

"तुला लागेल, चिमे," दादा म्हणाला. "तू घाईत येतेस जातेस. पुन्हा भुवई फोडून घेशील."

आत्या त्या टोकाजवळ गेली. तिनं त्यावर हात ठेवला. दगड गार होता, आणि वर्षानुवर्षं कुणीतरी बसल्यानं वरून जरा मऊसर झाला होता.

"मी वाकून जाईन," ती म्हणाली.

दादानं मान हलवली, थापीनं दगडाखालचा गारा दाबून घेतला आणि पुढचा दगड मागितला.